चाक, धाव आणि चाकोरी

मराठीच्या वर्गात गेली वीस वर्षे मी एक शब्द मोठ्या ऐटीने शिकवीत आलो आहे. तो शब्द म्हणजे ‘चाकोरी’. गाड्यांची चाके एकाच वाटेने वर्षानुवर्षे जात राहिली म्हणजे जमिनीत जो खोल चर पडतो, ती चाकोरी. पुढे अर्थाचा विस्तार झाला आणि माणसाच्या ठरीव आयुष्यालाही आपण चाकोरी म्हणू लागलो, असे मी सांगतो. चाकोरीबाहेर पडण्याचे धैर्य दाखवा, असा उपदेशही जाता जाता करतो. मुले तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसाच्या तसा मला परत करतात. असा हा व्यवहार दोन्ही पक्षी सुखाने चालला होता. परंतु यंदाच्या भाद्रपदात एका रात्री खरीखुरी चाकोरी माझ्या वाट्याला आली, आणि तिच्यातून बाहेर पडायला धैर्य नव्हे, ट्रॅक्टर लागतो, हे मला कळले.

हकीकत अशी. आमचे मूळ घर अंबडच्या पुढे, घनसावंगी तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे शेतातल्या वस्तीवर राहतात. शेजारी चुलत भावाचे बिऱ्हाड आहे, तेव्हा सोबत आहे. जालन्याला आमच्याकडे आले की चार दिवसांच्या वर त्यांचे मन रमत नाही. पाचव्या दिवशी ते पिशवी भरून दाराशी बसतात. महालक्ष्म्यांना मात्र आम्ही सारी मंडळी गावी जमतो. यंदाही जमलो. सोळा भाज्या झाल्या, पुरण झाले, आंबील झाली. संध्याकाळपासून पावसाची झड लागली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास आबा उठून बसले आणि म्हणाले, “जरा दाटून आल्यावानी वाटतंय.”

आबा असे कधी म्हणत नाहीत. म्हणून आम्ही सगळेच घाबरलो. त्यांना गाडीत घातले, सौ. त्यांचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली, आणि मी गाडी काढली. आमची गाडी म्हणजे ज्यांना हल्ली ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात त्यांपैकी एक: लांबीला चार मीटरच्या आत, उंचीला थोडी उभार, आणि जाहिरातीत डोंगर ओलांडणारी. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत दीड किलोमीटरची पांदण आहे. त्यातली निम्मी आम्ही ओलांडली. पुढे एका सखल जागी ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि मध्ये मातीचा उंच वरंबा राहिला होता. गाडीची चाके चाकोऱ्यांत उतरली, पोट वरंब्यावर टेकले, आणि गाडी थांबली. मी एंजिनला जोर दिला तशी पुढची चाके जागच्या जागी भिरभिरू लागली. चिखल काचेपर्यंत उडाला. गाडी तसूभर हलली नाही.

चुलत भाऊ ट्रॅक्टर आणायला अंधारात पळाला. ट्रॅक्टर आल्यावर दोर कुठे बांधायचा, यावर पंधरा मिनिटे गेली. गाडी ओढण्याची लोखंडी कडी स्टेपनीजवळच्या पिशवीत असते, आणि पुढच्या बंपरवरचे एक चौकोनी झाकण काढून ती तिथे पिळून बसवायची असते, हे गाडी घेतल्यापासून मी कधी वाचलेच नव्हते. मराठीचा प्राध्यापक! कादंबऱ्या दोन-दोनदा वाचतो, पण गाडीची पुस्तिका वाचीत नाही. सगळा मिळून पाऊण तास गेला. एवढ्या वेळात आबा मागून दोनदाच बोलले. एकदा म्हणाले, “घाई करू नको.” दुसऱ्यांदा म्हणाले, “पोरगं भिजलं असंल.” रात्री दोन वाजता जालन्याला दवाखान्यात पोचलो. दैव बलवत्तर म्हणून निभावले. मात्र सकाळी डॉक्टर हळूच म्हणाले, “थोडं आधी आणता आलं असतं तर बरं झालं असतं.” हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

दवाखान्याच्या बाकावरच मी निश्चय केला: गाडीला मोठी चाके बसवायची. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांच्या कानावर ही गोष्ट जाताच त्यांचा चेहरा उजळला. “बाबा, मी तुम्हाला केव्हापासून सांगतोय! ऑफ-रोड टायर, रुंद रिम. गाडी कशी दिसेल पाहा!” त्याला चाक हवे होते ते रुबाबासाठी, मला हवे होते ते भीतीपोटी. दोघांचे एकमत झाले, तेव्हाच खरे तर संशय यायला हवा होता. सौ.ला तो आला. ती एवढेच म्हणाली, “अहो, टायर मोठे केले म्हणजे गाडी रुतणार नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून मी नेहमीप्रमाणे तो बाजूस ठेवला.

टायरच्या गालावर काही आकडे कोरलेले असतात. ते वाचायला मी चिरंजीवांकडून शिकलो. आमच्या टायरवर ‘२१५/६० आर १६’ असे आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे गालाची उंची रुंदीच्या शेकडा किती, तो. येथे २१५ चे ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांच्या आडव्या विणीचा प्रकार. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. पुढे ‘९५ एच’ असे असते. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो भार पेलू शकतो आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला तो टिकतो. आणखी एक चार आकडी खूण असते; ‘२३२३’ म्हणजे २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्म. कुंडलीच म्हणा ना! टायर घेताना ही कुंडली सगळ्यांनी पाहावी. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला टायर नवा दिसतो, परंतु त्याचे रबर म्हातारे झालेले असते.

चिरंजीवांनी निवडलेला टायर होता २३५/७० आर १६. हिशेब केला तर आमच्या चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर भरतो, आणि या नव्याचा ७३५. फरक ७१ मिलिमीटरचा. गाडी उचलली जाईल ती मात्र याच्या निम्मी, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. कारण चाक वाढते ते आसाच्या वर आणि खाली सारखेच, आणि आपल्या उपयोगी पडते ते फक्त खालचे. चार टायर, चार रुंद रिमा आणि मजुरी मिळून दुकानदाराने नव्वद हजारांचा आकडा सांगितला. आकडा ऐकून मी पाणी मागितले. दुकानदाराने चहा मागवला.

नशिबाने पैसे देण्यापूर्वी मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. कुंडलिकेच्या अलीकडे, जुन्या जालन्यात, त्यांची लहानशी शेड आहे. चाळीस वर्षे त्यांनी जीपपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची चाके काढली आणि घातली आहेत. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले, आणि टायर व मडगार्डच्या आतले प्लॅस्टिक यांच्यामध्ये आपली दोन बोटे घालून दाखवली. “सर, एवढीच जागा आहे. तुमचा नवा टायर इथे कुठे मावणार? सरळ रस्त्यावर मावेल. वळणावर घासेल. चार माणसं बसवून खड्ड्यात आदळली, तर वरूनही घासेल.”

मग त्यांनी एकेक बोट मोडत हिशेब मांडला. तो येथे देतो, कारण माझ्यासारखे आणखीही काही बाप असतील.

पहिली गोष्ट, ब्रेक. चाक जेवढे मोठे, तेवढा ब्रेकला जोर जास्त लागतो. व्यास दहा-अकरा टक्क्यांनी वाढला, तर गाडी पूर्वीइतक्याच अंतरात थांबवायला ब्रेकनेही तेवढाच जास्त जोर द्यायला हवा. ब्रेक मात्र जुनेच. दुसरी गोष्ट, ताकद. एंजिन तेच, गिअर तेच, आणि चाक मोठे. म्हणजे जमिनीवर पोचणारा जोर दहाव्या हिश्शाने कमी झाला. चिखलात जोर हवा म्हणून चाक बदलायचे, आणि चाक बदलल्याने जोरच कमी व्हायचा! मग माणूस क्लच अर्धवट दाबून गाडी रेटतो आणि क्लच जाळतो. तिसरी गोष्ट, वेगाचा काटा. गाडी चाकाचे फेरे मोजून वेग सांगते; चाक मोठे झाले हे तिला कोण सांगणार? कागदावरच्या हिशेबाने काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८८ च्या पुढे असेल, आणि काटा ११० वर असेल तेव्हा ती १२० च्याही वर गेलेली असेल. चौथी गोष्ट, रिम. रुंद रिम बाहेर आली की चाक दिसते झोकदार, परंतु भार बेअरिंगच्या बाहेर पडतो, आणि स्टेअरिंगचे सांधे लवकर ढिले होतात. पाचवी गोष्ट, स्टेपनी. चार चाके मोठी, आणि पाचवे जुन्या मापाचे. पंक्चर झाले की गाडी लंगडणार. नवे पाचवे घेतले तर ते मागच्या खळग्यात मावणार नाही.

“आणि सर,” मिस्त्री शेवटी म्हणाले, “तुमच्या गाडीची चार चाकं आहेत, पण ओढतात दोनच, पुढची. जीपला मागंपुढं दोन्हीकडं ताकद जाते. तुम्ही बैलाला घोड्याचा नाल ठोकताय.”

घरी आल्यावर मी कायदाही पाहिला. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितले. गाडीच्या पुस्तिकेत टायरची जी मापे दिलेली असतात, त्यांच्या बाहेर गेलात तर एखाद्या अपघातानंतर विमावाल्यांशी वाद घालण्याची पाळी आपल्यावर येते. गाडीच्या सर्वांत वरच्या जातीला कधी कधी कारखान्यातूनच एक माप मोठे चाक येते. तसे असेल तर ते माप चालते, कारण गाडी बनवणाराने त्याचा विचार केलेला असतो. जाणकारांचा एक ढोबळ नियमही आहे: एकूण व्यासात तीन टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये. आमचा पडत होता जवळजवळ अकरा टक्क्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, माप तेच ठेवा आणि नुसता चिखलाचा टायर बसवा. तोही विचार केला. टायरचे ढोबळ तीन प्रकार आहेत. सडकेवरचा टायर, त्याच्या खाचा बारीक. चिखलाचा टायर, त्याच्यावर मोठमोठे ठोकळे आणि मध्ये रुंद मोकळी जागा. आणि दोहोंच्या मधला, ज्याला ‘ऑल-टेरेन’ म्हणतात. चिखलाच्या टायरचे ठोकळे माती पकडतात, आणि चाक फिरताना खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो. परंतु ओल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर त्याच टायरचे रबर जमिनीला कमी टेकते. गाडी थांबायला अंतर जास्त लागते, आवाज भुंग्यासारखा येतो, आणि तेलही जास्त जाते.

आणि आम्ही जालनेकर डांबर व काँक्रीट विसरू शकत नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दिशेने पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरांचा झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सुरुवातीच्या काळात टायर फुटून इतके अपघात झाले की, २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसे प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासू लागली आणि गुळगुळीत गोटा झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवू लागली. टायरच्या खाचेत मध्येमध्ये रबराचा बुटका उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच केवळ १.६ मिलिमीटर उरली, आणि तो टायर निकामी झाला असे समजावे. हवेचेही तसेच. चिखलात किंवा वाळूत चाकातली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे खरे. परंतु तसेच कमी हवेचे टायर घेऊन समृद्धीवर गेलात, तर गाल सारखा दुमडून तापतो, आणि तापलेला टायर कुठे फुटेल याचा नेम नाही. एका गाडीला सकाळी पांदण आणि दुपारी समृद्धी, अशा दोन सासवा आहेत. एकीला खूश करताना दुसरीचे मन राखावे लागते.

मिस्त्रींनी अंतःकरण खचवले होते, तरी आशा सुटली नव्हती. ती सोडवली आबांनी. आबा बरे होऊन जालन्याला आमच्याकडे विश्रांती घेत होते. एके दिवशी चिरंजीव त्यांना मोठ्या टायरची चित्रे दाखवीत होते. आबांनी चित्र पाहिले, आणि विचारले, “याची धाव कोणत्या लोखंडाची?”

चिरंजीव गोंधळले. मला मात्र शब्द भेटल्याचा आनंद झाला. लाकडी चाकाचा मधला भाग तुंबा, त्यातून निघणाऱ्या दांड्या म्हणजे आरे, आणि सर्वांवर तापवून चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. पट्टी तापली की पसरते, चाकावर बसते, आणि पाणी ओतताच आकसून साऱ्या लाकडाला आवळून धरते. जी चाकाला धावायला लावते तिचे नावच धाव! आबांच्या तरुणपणी आमच्याकडे अशी गाडी होती. पुढे रबरी टायरांची बैलगाडी आली. हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत म्हणून केला, (तसा टायर १८४५ मध्येच टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका गृहस्थाने नोंदवला होता, पण जग तो विसरून गेले होते) हे मी आबांना सांगितले. बापाने मुलासाठी चाक शोधले, हे त्यांना आवडले.

“टायरगाडी सडकेवर बैलाला हलकी जाते,” आबा म्हणाले. “पण काळ्या रानात, ओल असताना, टायरला माती चिकटते, चिकटत जाते, अन् मंग चाक फिरत नाही, घसरत जातं. धावेचं चाक बारीक. गाळ उथळ असंल तर ते खालच्या टणक मातीला टेकतं अन् गाडी निघते. पण गाळ खोल असंल तर तेच चाक तुंब्यापर्यंत जातं. चिखल पाहून चाक ठरतं. सगळ्या चिखलाला एक चाक नसतं.”

मी चकित झालो. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपचे टायर केवळ सहा इंच रुंद होते. आमच्या गाडीच्या टायरापेक्षा सहा सेंटिमीटरांनी अरुंद. तीच जीप पुढे महिंद्रांनी आपल्याकडे जोडायला घेतली आणि खेडोपाडी पोचवली. रुंद चाक म्हणजे चिखलावर विजय, हे चित्र जाहिरातीने आपल्या मनात भरवले आहे. वाळूत ते खरे आहे, कारण तिथे वर तरंगावे लागते. आमची माती निराळी. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन ती झाली आहे. तिच्यातले चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. पावसाळ्यात शेतात दहा पावले चाला, म्हणजे चपलेला चिखलाची दुसरी चप्पल तयार होते. तसेच टायरचे होते. खाचा भरून येतात, आणि कितीही महागडा टायर पाच मिनिटांत चिखलाचा गोटा होतो. ट्रॅक्टरचे टायर चालतात, कारण त्यांच्या तिरप्या उंच कड्या विरळ असतात, वजन मागच्या चाकांवर असते, आणि ते चालतात बैलाच्या गतीने. अशा शेतीच्या आणि खाणींच्या टायरांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखाना आमच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे. परंतु तो टायर घालून कोणी समृद्धीवर जात नाही.

“मग आबा, उपाय काय?” मी विचारले.

“वाफसा येईस्तोवर थांबायचं,” आबा म्हणाले.

वाफसा! पाऊस उघडून एक-दोन दिवस ऊन पडले, म्हणजे मातीतले जास्तीचे पाणी निथळते, आणि ती ना ओली ना कोरडी अशा स्थितीत येते. त्या स्थितीला वाफसा म्हणतात. त्याआधी शेतात पाऊल टाकू नये, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. परंतु त्या दिवशी मला शब्दाचे कौतुक सुचले नाही. मी जरा तुटकपणेच म्हणालो, “आबा, पेरणी थांबते. छातीतली कळ वाफशासाठी थांबते का?”

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “चाकोरी किती खोल होती?” आणि स्वतःच हाताची वीत पसरून दाखवली. “एवढी. मी गाडीतून उतरताना पाहिली होती.”

छातीत कळ घेऊन, पावसात, ट्रॅक्टरवर चढवताना या माणसाने चाकोरीची खोली पाहून ठेवली होती! मी पट्टी आणली. त्यांची वीत भरली तेवीस सेंटिमीटर. आमच्या गाडीचे पोट जमिनीपासून एकोणीस सेंटिमीटरांवर, तेही रिकाम्या गाडीचे. मोठ्या चाकाने ते साडेतीनने वाढले असते. एकोणीस अधिक साडेतीन, साडेबावीस. म्हणजे नव्वद हजार रुपये खर्च करूनही, त्या रात्री, त्या जागी, गाडीचे पोट टेकलेच असते. चिरंजीवांनी तीनदा बेरीज केली. तीनदाही उत्तर तेच आले.

सौ. स्वयंपाकघरातून हे सारे ऐकत होती. तिने काही म्हटले नाही, ही तिची थोरवी.

पुढचे निर्णय भराभर झाले. टायर जुने होतेच. ते बदलले, पण त्याच मापाचे, तितकाच भार पेलणारे आणि मधल्या जातीचे घेतले: सडकेवर शहाण्यासारखे वागणारे आणि मुरुमावर थोडी अधिक पकड देणारे. पाचवा टायरही त्याच जातीचा घेतला. गाडीत एक फावडे, एक मजबूत दोर, हवा भरण्याचा लहान पंप आणि हवा मोजण्याची नळी ठेवली. ओढण्याची कडी कशी बसवायची याची तालीम आम्ही तिघांनीही घेतली. चाके भिरभिरू लागली की एंजिनला जोर द्यायचा नाही, थांबायचे, आणि पुढच्या चाकांखाली पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट दडपायचे, हे आबांनी शिकवले. या साऱ्याला नव्वद हजार लागले नाहीत. निम्म्याहून जरा जास्त लागले.

उरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न आबांनीच सोडवला. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्य शासनाने ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ काढली. आमच्या पांदणीचाही अर्ज गेलेला आहे आणि तो आपल्या क्रमाची वाट पाहत आहे. तोवर ती सखल जागा, तीनशे पावलांची, तेवढी तरी मुरूम टाकून उचलावी, असा बेत आबांनी मांडला. त्या पांदणीवर सात घरे आहेत. ग्रामपंचायतीला विचारले, सातही घरांनी वर्गणी काढली, ज्याला पैसे जमले नाहीत त्याने ट्रॅक्टर दिला. पाऊस उघडल्यावर, वाफसा आल्यावर (आबांनी त्याआधी कोणाला हात लावू दिला नाही) बाजूने चर काढला, वरंबा फोडला, चाकोऱ्या बुजवल्या आणि वर मुरूम पसरला. चर महत्त्वाचा, असे आबा म्हणाले. पाण्याला जायला वाट दिली नाही, तर ते आपल्या वाटेत बसते.

हे वाचून सारे प्रश्न सुटले असे कोणी समजू नये. पांदणीचा बाकीचा भाग अजून मातीचाच आहे. पुढच्या भाद्रपदात पाऊस किती पडेल, आणि आबांची तब्येत कशी असेल, हे मला ठाऊक नाही. पावसाळ्याचे दोन महिने तरी जालन्याला राहा, असे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी “पाहू” म्हटले. आबांच्या भाषेत ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’. चिरंजीव थोडे हिरमुसले आहेत. मात्र नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस उपटण्यात त्यांचे बरेच दुःख कमी झाले.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुरुमावर रोलर फिरला. आमची गाडी त्यावरून पहिल्यांदा न्यावी, अशी चिरंजीवांची फार इच्छा होती. नव्या टायरांना हळदकुंकूही लावले होते. परंतु आम्ही किल्ली फिरवतो न फिरवतो तोच शेवटच्या वस्तीवरचा दूधवाला दोन कॅन लटकावून मोटारसायकलवरून आला, आणि आमच्याकडे पाहून मान हलवीत, पाय न टेकवता, त्या तीनशे पावलांवरून निघून गेला. आबा ओट्यावर बसून पाहत होते. “निघाला,” एवढेच ते म्हणाले.

दिवाळीनंतर नवे सत्र सुरू होईल, आणि ‘चाकोरी’ हा शब्द मला पुन्हा शिकवायचा आहे. व्युत्पत्ती तीच सांगेन. उपदेश मात्र गाळीन, आणि त्याऐवजी तिची खोली सांगेन: आबांची एक वीत.